पावसाळ्यातले झेरॉक्स यंत्र : कचेरीतील वापर आणि निगा

फोंडा तालुक्यातील एका शाळेच्या कचेरीत मी एकवीस वर्षे काम करते आहे. या काळात कचेरीत तीन झेरॉक्स यंत्रे आली आणि तिन्हींनी सर्वांत जास्त त्रास दिला तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शाळेला प्रतींची गरजही नेमकी याच दिवसांत सर्वाधिक असते. जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, रहिवासी दाखले, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, पहिल्या चाचणीच्या प्रश्नपत्रिका अशी रीघ लागलेली असते, बाहेर पाऊस कोसळत असतो आणि आत कागद अडकून यंत्राचा लाल दिवा लुकलुकत असतो. सुरुवातीची अनेक वर्षे आम्ही दर वेळी दुरुस्ती करणाऱ्याला फोन करत होतो. पुढे एका तंत्रज्ञाने यंत्राचे दार उघडून, आतला एकेक भाग दाखवून, तो काय काम करतो हे सावकाश समजावून सांगितले, आणि तेव्हापासून त्याला बोलावण्याची वेळ वर्षातून एक-दोनदाच येते. ती समज इतर कचेऱ्यांनाही उपयोगी पडावी म्हणून हे लिहीत आहे.

मुख्य गोष्ट एवढीच आहे की हे यंत्र ओल्या शाईवर चालत नाही. ते स्थितिक विद्युतभारावर आणि कोरड्या भुकटीवर चालते. ‘झेरॉक्स’ हे नावच ‘कोरडे’ या अर्थाच्या ‘झेरॉस’ या ग्रीक शब्दावरून घेतलेले आहे. जानेवारीतल्या कोरड्या सकाळी केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो आणि आषाढात तोच कंगवा ते उचलत नाही, कारण दमट हवेत वस्तूच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि भार त्यावाटे निघून जातो. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैतल्या सकाळी हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. आपल्याकडच्या झेरॉक्स यंत्राच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

प्रत काढण्याचे काम पूर्वी हातानेच होत असे. गोव्याच्या पुराभिलेखागाराची स्थापना १५९५ साली झाली. तिथल्या जुन्या दप्तरांत ज्या प्रती आहेत, त्या लेखनिकांनी बसून उतरवून काढलेल्या आहेत. कोर्टकचेरीत आजही आपण ‘नक्कल मिळाली का?’ असे विचारतो, त्या शब्दात ते हाताचे काम शिल्लक राहिले आहे. जेम्स वॉटने १७८० साली ओलसर पातळ कागद पत्रावर दाबून प्रत उमटवण्याचे यंत्र काढले, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कार्बन पेपर आला, आणि त्याच शतकाच्या अखेरीस स्टेन्सिलवरून प्रती काढणारी सायक्लोस्टाइलसारखी यंत्रे आली. आमच्या शाळेच्या अडगळीत सायक्लोस्टाइलचे यंत्र अजून आहे. त्याच्या रुळावर वाळलेल्या शाईचा काळा थर तसाच आहे, आणि स्टेन्सिल कापताना एक अक्षर चुकले तर काय होत असे, हे निवृत्त झालेले शिक्षक अजून सांगतात.

कोरड्या पद्धतीचा शोध चेस्टर कार्लसन या अमेरिकन माणसाने लावला. तो न्यूयॉर्कमधील एका विद्युत-साहित्याच्या कंपनीच्या पेटंट विभागात काम करत असे, आणि पेटंटच्या कागदपत्रांच्या प्रती कधीच पुरेशा मिळत नाहीत, ही त्याची रोजची अडचण होती. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत त्याने आणि त्याचा सहायक ऑटो कॉर्नाय याने जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, खोलीत अंधार करून तो थर रुमालाने घासला, काचेच्या पट्टीवर शाईने लिहिलेली ‘१०-२२-३८ अस्टोरिया’ ही अक्षरे त्यावर ठेवून काही सेकंद दिव्याचा उजेड पाडला, आणि नंतर लायकोपोडियम वनस्पतीची बारीक पूड वरून भुरभुरवली. जादा पूड फुंकून टाकल्यावर अक्षरांवरची पूड तेवढी चिकटून राहिली. ती मेणकागदावर उतरवून कागद तापवला आणि जगातली पहिली कोरडी प्रत तयार झाली. कार्लसनला १९४२ मध्ये पेटंट मिळाले, पण वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला नकार दिला. १९४४ मध्ये ओहायोतील बॅटेल संस्थेने संशोधनाची जबाबदारी घेतली आणि पुढे रॉचेस्टरच्या हॅलॉइड या छोट्या कंपनीने यंत्र बनवण्याचे हक्क घेतले. याच कंपनीचे नाव नंतर झेरॉक्स झाले. १९५९ साली बाजारात आलेले त्यांचे ‘९१४’ हे यंत्र ९ बाय १४ इंचांपर्यंतच्या कागदावर चालत असे म्हणून त्याला ते नाव पडले. त्याचे वजन तीनशे किलोच्या घरात होते आणि ते मिनिटाला सात प्रती काढत असे. भारतात १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स ही भागीदारीतील कंपनी सुरू झाली, आणि बघता बघता कंपनीचे नाव आपल्या तोंडी क्रियापद होऊन बसले. आज यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, आपण झेरॉक्सच काढतो.

अस्टोरियाच्या खोलीत जे घडले, तेच आपल्या कचेरीतल्या यंत्रात घडते. फक्त क्रम सेकंदात उरकतो. रुमालाने घासण्याऐवजी एक रूळ किंवा तार ड्रमच्या, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्याच्या, चकचकीत पृष्ठभागावर अंधारात सर्वत्र सारखा भार देते. जुन्या यंत्रांत मूळ कागदावरून परावर्तित झालेला उजेड थेट ड्रमवर पडत असे. आताच्या यंत्रांत कागद आधी स्कॅन होतो आणि लेसरचा किरण ते चित्र ड्रमवर लिहितो. जिथे उजेड पडतो तिथला भार निघून जातो आणि त्या फरकामुळे डोळ्यांना न दिसणारी अक्षरे ड्रमवर तयार होतात. टोनर, म्हणजे काजळी मिसळलेली प्लॅस्टिकची अतिशय बारीक भुकटी, त्या अक्षरांना चिकटते. खालून जाणाऱ्या कागदाला मागच्या बाजूने भार देऊन ती भुकटी कागदावर ओढून घेतली जाते. मग फ्यूजरच्या तापलेल्या रुळांतून जाताना भुकटी वितळून कागदाच्या तंतूंत घट्ट बसते, आणि ड्रमवर उरलेली भुकटी एक रबरी पाते खरवडून काढते. भार, उजेड, भुकटी, कागद, उष्णता आणि सफाई हा क्रम लक्षात ठेवला की प्रतीवरचा दोष पाहून तो कोणत्या पायरीचा आहे, हे बऱ्याचदा आपले आपल्यालाच ओळखता येते.

कागदाची काळजी

एका वर्षी चतुर्थीच्या सुट्टीला जाताना ट्रेमध्ये अर्धा गठ्ठा तसाच राहिला. सुट्टीनंतर काढलेल्या पहिल्या प्रश्नपत्रिकेच्या दीडशे प्रतींत मधले शब्द फिके, कुठे पांढरे डाग, आणि दर दहा-पंधरा प्रतींमागे कागद अडकलेला. आम्ही टोनर संपला असे समजून नवा बसवला, तरी फरक पडला नाही. शेवटी ट्रेमधला कागद हातात घेऊन पाहिला तेव्हा त्याच्या कडा लाटेसारख्या वळलेल्या होत्या, आणि कागद झटकल्यावर येणारा कडक आवाज येण्याऐवजी कापड झटकल्यासारखा मंद आवाज आला. नवा गठ्ठा फोडून घातला आणि पुढच्या सगळ्या प्रती स्वच्छ निघाल्या.

कारण सरळ आहे. कारखान्यातून येताना कागदात सुमारे ५ टक्के पाणी असते आणि गठ्ठ्याचे वेष्टन ते प्रमाण टिकवण्यासाठीच ओलावारोधक बनवलेले असते. कागदाने जास्त ओलावा घेतला की त्याला मागून दिलेला भार टिकत नाही, म्हणून भुकटी पुरेशी ओढली जात नाही आणि अक्षरे फिकी पडतात. तोच कागद फ्यूजरमधून जाताना आतल्या पाण्याची वाफ होते, कागद गुंडाळल्यासारखा वळतो आणि बाहेर पडण्याच्या तोंडाशी अडकतो. पावसाळ्यात यंत्रातून धुरासारखे काही निघते असे वाटून कोणी घाबरते, ती पुष्कळदा ही वाफच असते. जळका वास मात्र आला तर ताबडतोब प्लग काढावा. ओले ताव एकमेकांना चिकटून दोन-दोन आत ओढले जातात, तो वेगळा ताप.

म्हणून पावसाळ्यात गठ्ठा फोडावा तो लागेल तेव्हाच, आणि ट्रेमध्ये दिवसाच्या कामापुरताच कागद ठेवावा. संध्याकाळी उरलेला कागद परत वेष्टनात गुंडाळून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावा. गठ्ठे जमिनीवर ठेवू नयेत, आणि बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवून तर मुळीच ठेवू नयेत, कारण चिरा पावसाचे पाणी पितो आणि ती ओल आतल्या बाजूला आठवडेच्या आठवडे राहते. आम्ही गठ्ठे लोखंडी कपाटात मधल्या फळीवर ठेवतो आणि खालच्या कप्प्यात १५ वॅटचा पिवळा दिवा लावून ठेवतो. घरी रेशमी साड्यांना बुरशी लागू नये म्हणून जे करतात तेच इथे केले. दिव्याला कागद टेकणार नाही एवढे अंतर मात्र राखावे लागते.

कागद घेताना ए-फोर आकाराचा, ७५ जीएसएम (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) वजनाचा साधा कागद रोजच्या कामाला पुरतो. स्वस्तातला पातळ कागद पावसाळ्यात परवडत नाही, हे मी अनुभवाने सांगते. काही गठ्ठ्यांच्या वेष्टनावर बाण छापलेला असतो. तो आधी कोणत्या बाजूवर छापावे हे दाखवतो. ट्रेमध्ये घालण्यापूर्वी गठ्ठा चारही बाजूंनी पत्त्यांसारखा फुलवून, ठोकून सरळ करावा आणि ट्रेमधल्या पट्ट्या कागदाला टेकतील इतक्याच सरकवाव्यात. पाठपोट प्रत काढताना कागद फ्यूजरमधून दोनदा जातो, त्यामुळे दमट कागदावर पाठपोट काम अडकण्याची शक्यता दुप्पट होते. अशा कामाला नवा गठ्ठाच फोडावा.

यंत्रालाही ओलावा बाधतो. रात्री वातानुकूलन बंद झालेल्या खोलीत सकाळी दमट हवा शिरली की काचेवर आणि आतल्या भागांवर दव बसू शकते. अशा वेळी यंत्र चालू करून दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे आणि मग पहिली प्रत काढावी. काही मोठ्या यंत्रांत ट्रेजवळ ओलावा घालवणारा हीटर असतो आणि तो यंत्र बंद असतानाही प्लग चालू असेल तरच काम करतो. आपल्या यंत्राला तो आहे का, हे तंत्रज्ञाला विचारून घ्यावे. यंत्र झाकायचे तर सुती कापडाने झाकावे, कारण प्लॅस्टिकखाली दमटपणा कोंडून राहतो. तापलेला फ्यूजर बरीच वीज ओढतो, म्हणून यंत्राला स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट द्यावा आणि ते संगणकाच्या छोट्या यूपीएसवर जोडू नये.

मूळ कागद कसा ठेवावा

सुटे, सपाट आणि बऱ्या स्थितीतले ताव वरच्या फीडरमध्ये, म्हणजे एकेक कागद आपोआप ओढून घेणाऱ्या भागात, घालायला हरकत नाही, पण त्याआधी प्रत्येक टाचणी आणि स्टेपलची पिन काढलीच पाहिजे. बाकी सर्व काचेवर. काचेच्या कोपऱ्यातल्या खुणेशी कागदाचा कोपरा जुळवावा, पण मूळ कागदावर अगदी कडेला शिक्का किंवा सही असेल तर मूळ आकाराची प्रत काढू नये, कारण यंत्र कडेचे चार-पाच मिलिमीटर छापत नाही. आमच्या एका पालकांचा अर्ज एका कचेरीतून एवढ्यासाठी परत आला की दाखल्याच्या प्रतीत तळाच्या शिक्क्यावरची तारीख कापली गेली होती. ९५ टक्क्यांवर प्रत काढली असती तर त्यांची एक फेरी वाचली असती.

टक्क्यांचा हिशेब एकदा समजला की सोपा आहे. ए-थ्री कागद बरोबर दोन ए-फोरएवढा असतो आणि दोन्हींच्या बाजूंचे प्रमाण सारखेच असते, म्हणून ए-थ्रीवरून ए-फोरवर आणायला ७१ टक्के आणि उलट न्यायला १४१ टक्के ठेवावे. लीगल आकाराचा दस्तऐवज ए-फोरवर बसवायचा तर ८३ टक्के. ओळखपत्राच्या दोन्ही बाजू एका पानावर घेण्यासाठी बहुतेक नव्या यंत्रांत वेगळे बटण असते. कार्ड काचेच्या कडेपासून बोटभर आत ठेवावे.

जमिनीच्या कागदपत्रांबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गोव्यात घरोघरी पोर्तुगीज काळातली विक्रीपत्रे आणि वाटणीपत्रे आहेत. एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) नवा उतारा कसाही हाताळला तरी दुसरा मिळतो, आजोबांच्या इस्क्रितूरचे, म्हणजे जुन्या पोर्तुगीज दस्ताचे, तसे नाही. त्या काळच्या लोहयुक्त शाईने कागद जागोजागी खाल्लेला असतो आणि घड्यांवर तो नुसत्या धाग्यांनी जोडलेला असतो. एकांनी माझ्याकडे असा एक दस्तऐवज आणला, जो कुठल्याशा दुकानात फीडरमध्ये घातल्यामुळे मधल्या घडीवर आडवा फाटला होता. वरून त्यावर चिकटपट्टी लावलेली होती आणि पट्टीखालची अक्षरे पिवळी पडू लागली होती. ते पान पाहताना त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जे होते, ते मी विसरलेले नाही. असे कागद फीडरमध्ये कधीही घालू नयेत. पारदर्शक प्लॅस्टिकच्या स्वच्छ कव्हरात सरकवून काचेवर ठेवावेत, झाकण दाबू नये, आणि एकदाच चांगली प्रत किंवा स्कॅन काढून पुढच्या सगळ्या प्रती त्यावरून काढाव्यात. पातळ कागदावर मागची अक्षरे पुढे दिसत असतील, तर कागदाच्या पाठीमागे काळा कार्डशीट ठेवावा. झाकणाच्या पांढऱ्या पृष्ठभागावरून उजेड परत येत नाही आणि मागचे लिखाण पुष्कळ पुसट होते. प्रतीची छटा थोडी करडी येते, ती गडद-फिक्याच्या बटणाने कमी करता येते. बांधीव वह्या काचेवर उलट्या दाबून पाठ मोडण्यापेक्षा वरून छायाचित्र घेणे चांगले.

प्रतीवरचे दोष

फीडरमधून काढलेल्या प्रत्येक प्रतीवर वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ येते आणि काचेवर ठेवून काढलेल्या प्रतीवर ती येत नाही, हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे आणि त्याला तंत्रज्ञ लागत नाही. मोठ्या काचेच्या बाजूला एक अरुंद, बोटभर रुंदीची काचेची पट्टी असते. फीडरमधला कागद तिच्यावरून सरकतो, आणि तिच्यावर गोंदाचा किंवा व्हाइटनरचा मोहरीपेक्षा लहान ठिपका बसला तरी तो प्रत्येक पानाची रेघ होतो. यंत्र बंद करून, मऊ सुती कापड पाण्याने किंचित ओलसर करून ती पट्टी पुसावी. चिकटलेला ठिपका नखाने अलगद सुटतो. ब्लेड वापरू नये. द्रव काचेवर कधीही थेट फवारू नये, तो आत झिरपतो.

पानावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा तोच डाग येत असेल, तर तो काचेवरचा नसून आतल्या एखाद्या फिरत्या रुळाचा असतो. डागांमधले अंतर पट्टीने मोजून तंत्रज्ञाला फोनवरच सांगावे. ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवरचा ओरखडा दर ९४ मिलिमीटरवर उमटतो, त्यामुळे अंतरावरून कोणता रूळ ते त्याला कळते आणि तो योग्य भाग घेऊनच येतो. बोटाने घासल्यावर अक्षरे पुसली जात असतील तर भुकटी नीट वितळलेली नाही : कागद जाड किंवा दमट आहे, किंवा फ्यूजर कमी तापतो आहे. पूर्ण पान करडे दिसत असेल तर आधी गडदपणाची मात्रा पाहावी आणि मगच ड्रम किंवा पाते झिजल्याचा संशय घ्यावा.

कागद अडकल्यावर घाईने ओढण्यात सर्वाधिक नुकसान होते. पडद्यावर जी जागा दाखवली असेल तिथलेच दार उघडावे, रंगीत खटके सोडवावेत आणि कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, सरळ काढावा. फाटलाच तर तुकडे जुळवून पूर्ण ताव झाला की नाही ते पाहावे. बोटभर कपटा आत राहिला तरी पुढचा प्रत्येक कागद तिथेच अडकतो. फ्यूजरजवळचे भाग चालू यंत्रात भाजण्याइतके गरम असतात. ड्रमला बोट लावू नये आणि तो बाहेर काढावा लागला तर लगेच काळ्या कापडात गुंडाळावा, कारण उजेडाने त्याचा पृष्ठभाग खराब होतो. टोनर सांडला तर कोरड्या कापडाने टिपावा आणि कपड्यांना लागला तर गार पाण्यानेच धुवावा. गरम पाण्याने तो वितळून कापडात बसतो, जसा फ्यूजरमध्ये कागदात बसतो.

शाळांना एक प्रश्न नेहमी पडतो, की पुस्तकातील पाने मुलांसाठी काढता येतात का. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी सवलत आहे, आणि दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अभ्यासक्रमासाठी काढलेल्या प्रतींच्या बाजूने निकाल दिला. बाजारात विकण्यासाठी अख्खे पुस्तक छापून काढणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला ही सवलत नाही.

ओळखपत्राच्या प्रतीवर, मजकूर झाकला जाणार नाही अशा बेताने, ती कोणत्या कामासाठी दिली आहे आणि कोणत्या तारखेला, हे पेनाने आडवे लिहून सही करावी. बिघडलेल्या प्रती तशाच टोपलीत टाकू नयेत, त्यांचे तुकडे करावेत. आमच्याकडे मुलांच्या दाखल्यांच्या अशा प्रती पूर्वी भेळेच्या पुड्यांत दिसत असत. मोठ्या डिजिटल यंत्रांत हार्ड डिस्क असते आणि तिच्यात स्कॅन झालेल्या कागदांच्या प्रतिमा राहू शकतात. यंत्र भाड्याचे असेल तर परत देण्याच्या दिवशी तंत्रज्ञाला समोर बसवून डिस्क पुसून घ्यावी, तसे त्याच्याकडून कंपनीच्या कागदावर लिहून घ्यावे, आणि त्याच कागदावर प्रती मोजणाऱ्या मीटरचा शेवटचा आकडा नोंदवून दोघांच्या सह्या घ्याव्यात.